फ्लूच्या लशीनंतर लघवीतून प्रथिने जाऊ लागली: दोष लशीचा का, आणि पुढची लस घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकसष्ट वर्षांच्या आईने फ्लूची नेहमीची वार्षिक लस घेतली. नवव्या दिवशी पायांवर आणि डोळ्यांखाली सूज आली व लघवी फेसाळ होऊ लागली. तपासणीत २४ तासांच्या लघवीत ७.८ ग्रॅम प्रथिने, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन १.९ (बरेच कमी) आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारे क्रिएटिनिन १.१ असे आकडे आले. बायोप्सीत ‘मिनिमल चेंज डिसीज’ असे निदान झाले आणि स्टिरॉइड सुरू झाले. वडिलांना सात-आठ वर्षांपासून आयजीए नेफ्रोपथी हा मूत्रपिंडाचा दुसरा आजार आहे, त्यांची प्रकृती स्थिर आहे आणि त्यांची यंदाची लस अजून व्हायची आहे. हे लशीमुळेच झाले का, आईने पुन्हा कधी लस घ्यावी का, आणि वडिलांनी ती घ्यावी की टाळावी, असे आपण विचारले आहे.

हे तीन प्रश्न वाटतात तितके एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे आधी सांगतो. पहिल्या प्रश्नाचे निश्चित उत्तर एका रुग्णापुरते जवळजवळ कधीच देता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे मात्र बऱ्यापैकी ठामपणे देता येतात. माझा अनुभव असा, की कुटुंबे पहिल्याच प्रश्नात अडकून पडतात, लस घ्यायला कोणी सांगितले यावरून घरात कुरबुरी सुरू होतात, आणि स्टिरॉइडच्या काळात घ्यायची काळजी, सुजेवरचे लक्ष, रक्ताच्या गुठळीचा धोका या खरोखर महत्त्वाच्या गोष्टी मागे पडतात.

आईच्या आजाराचे स्वरूप आधी समजून घ्यावे लागेल. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. या गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांची बोटांसारखी टोके एकमेकांत गुंफलेली असतात आणि त्या गुंफणीमुळेच रक्तातील अल्ब्युमिन लघवीत उतरत नाही. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षाही कमी प्रथिने जातात. मिनिमल चेंज डिसीजमध्ये ही टोके सपाट होतात आणि गुंफण सुटते. गंमत अशी, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बायोप्सी अगदी निरोगी दिसते. बिघाड दिसतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात. ‘मिनिमल चेंज’ म्हणजे अत्यल्प बदल, हे नाव त्यावरूनच पडले. आजार सौम्य आहे असा त्याचा अर्थ मात्र नाही. अल्ब्युमिन १.९ वर आलेल्या माणसाला पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका खराच असतो.

लशीने असे होऊ शकते का, तर होऊ शकते. या आजाराच्या मुळाशी रोगप्रतिकार यंत्रणेचे, विशेषतः तिच्यातील टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचे बहकणे आहे असे फार पूर्वीपासून मानले जाते. अलीकडच्या वर्षांत बऱ्याच रुग्णांच्या रक्तात पोडोसाइटवरील नेफ्रिन या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही (अँटिबॉडीज) सापडली आहेत. ज्याच्या शरीरात अशी प्रवृत्ती दबा धरून आहे, त्याच्या प्रतिकार यंत्रणेला कोणीही डिवचले तरी आजार उफाळू शकतो. साधी सर्दी, मधमाशीचा दंश, एखाद्या गोष्टीची ॲलर्जी अशा कारणांनंतर तो सुरू झाल्याच्या नोंदी जुन्या आहेत. ज्या मुलांना हा आजार आहे त्यांच्यात तो पुन्हा उलटण्याचे सर्वांत नेहमीचे निमित्त म्हणजे श्वसनमार्गाचा विषाणूसंसर्ग होय. प्रतिकार यंत्रणेला जागे करणे हेच लशीचे काम असल्यामुळे तीही क्वचित असे निमित्त ठरू शकते. इन्फ्लुएन्झाच्या लशीनंतर अशा तुरळक घटना पूर्वीपासून नोंदल्या गेल्या होत्या. २०२१ साली कोविडच्या लशी कोट्यवधी लोकांना थोड्या काळात दिल्या गेल्या तेव्हा अशा नोंदींची संख्या एकदम वाढली. त्यांतील बऱ्याच रुग्णांमध्ये सूज पहिल्या एक-दोन आठवड्यांतच दिसली होती. आपल्या आईचा नववा दिवस त्या चौकटीत बसतो.

मात्र चौकटीत बसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. समजा, एखादा आजार वर्षाला लाखात एकाला होतो. एक कोटी लोकांना लस दिली, तर त्यांच्यापैकी शंभर जणांना तो वर्षभरात होणारच; म्हणजे लस घेतल्यानंतरच्या कोणत्याही दोन आठवड्यांत चौघांना होणार. लशीच्या कुपीत नुसते पाणी असते तरी ते चौघे आजारी पडलेच असते आणि चौघांनाही तारीख लशीचीच आठवली असती. हा आकडा मी हिशेबासाठी धरला आहे, पण विचाराची रीत हीच आहे: लशीनंतर किती जण आजारी पडले हे मोजून भागत नाही, लस नसती तर किती पडले असते हेही मोजावे लागते.

असे मोजता येते आणि मोजल्यावर खरा दोष लपत नाही, याचे उदाहरण फ्लूच्याच लशीचे आहे. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूविरुद्ध चार कोटींहून अधिक लोकांना लस देण्यात आली. तिच्यामुळे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे प्रमाण लाखामागे सुमारे एकाने वाढल्याचे दिसले आणि ती मोहीम डिसेंबर १९७६ मध्ये थांबवण्यात आली. लाखात एक इतका विरळ दोषही नेटाने मोजल्यास सापडतो.

मूत्रपिंडाच्या बाबतीत अशी मोजणी झाली आहे ती मुख्यतः कोविडच्या लशींबद्दल. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली बायोप्सीने निदान झालेल्या गाळणीच्या नव्या आजारांची तुलना २०१५ ते २०१९ या वर्षांशी केली गेली, तेव्हा लसीकरणाच्या काळात त्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढलेले आढळले नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वेगळा प्रश्न विचारला गेला: ज्यांना असा आजार आधीपासूनच आहे पण तो आटोक्यात आहे, त्यांचे काय? तेथील १,१०५ प्रौढ रुग्णांमध्ये दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेनंतर आजार उलटण्याचा धोका साधारण दुप्पट झालेला दिसला. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून माणूस दचकतो, म्हणून पुढचे वाक्य तितक्याच लक्षपूर्वक वाचावे. मूळ धोकाच लहान असल्यामुळे प्रत्यक्षातील वाढ मिनिमल चेंज, मेम्ब्रेनस नेफ्रोपथी (गाळणीचाच आणखी एक आजार) यांसारख्या आजारांत शंभरात एक ते दोन आणि आयजीए नेफ्रोपथी व ल्युपसमध्ये (प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) शंभरात तीन ते पाच इतकी होती. या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. लस निरोगी माणसात नवा आजार सहसा निर्माण करत नाही, पण आधीपासून असलेल्या, झोपलेल्या आजाराला कधी कधी जागे करते, असा त्यांचा एकत्रित अर्थ मी लावतो. माझ्या बाह्यरुग्ण विभागातला अनुभवही तसाच आहे.

फ्लूच्या लशीबाबत आणखी एक गुंतागुंत आहे. ही लस थंडीच्या तोंडावर, म्हणजे श्वसनमार्गाचे विषाणू फिरू लागण्याच्या सुमारास घेतली जाते. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्या अवधीत साधी सर्दी होऊन गेली, तर तिची कोणी नोंद ठेवत नाही. मी रुग्णांसमोर दिनदर्शिका ठेवतो आणि लशीच्या आधीच्या महिन्यापासूनचा एकेक आठवडा विचारतो. ‘हो, नातवाला सर्दी होती, मलाही दोन दिवस घसा धरल्यासारखा वाटला होता’ असे वाक्य किती वेळा बाहेर येते, याचे आता मला आश्चर्य वाटत नाही.

याच चौकशीत येणारी दुसरी गोष्ट म्हणजे गोळ्या. आपण ओझरता उल्लेख केला आहे, की आईला गुडघेदुखी आहे, त्यासाठी ती काही महिन्यांपासून अधूनमधून डायक्लोफिनॅक घेते आणि लशीनंतर दंड दुखला तेव्हा तिने त्याच गोळ्या सलग चार दिवस घेतल्या. माझ्या दृष्टीने हा उल्लेख ओझरता नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या गटातील वेदनाशामके हे प्रौढांमधील मिनिमल चेंज डिसीजचे माहीत असलेले कारण आहे आणि ते बहुधा आठवडे-महिने गोळ्या घेतल्यावर दिसते. म्हणजे या घटनेत संशयित एक नाही, किमान दोन आहेत. त्यांतल्या एकाने काम केले, दोघांनी मिळून केले, की दोघांचाही संबंध नव्हता, हे बायोप्सी सांगू शकत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पोडोसाइटची सपाट टोके दिसतात, त्यांवर कारणाचा शिक्का नसतो. बंद करता येईल असा संशयित मात्र एकच आहे, वेदनाशामक गोळी. ती आजच बंद करावी आणि पुन्हा सुरू करू नये.

जुने कागदही काढून पाहावेत. माझ्याकडे एक गृहस्थ लशीनंतर बाराव्या दिवशी सुजलेल्या पायांनी आले होते आणि त्यांच्या मुलाने लशीचे प्रमाणपत्र फाइलच्या सर्वांत वर लावले होते. त्याच फाइलच्या तळाशी तीन महिन्यांपूर्वी विम्यासाठी केलेल्या तपासणीचा कागद होता आणि त्यात लघवीच्या रकान्यात प्रथिनांपुढे दोन अधिक चिन्हे होती. तो रकाना कोणी वाचलाच नव्हता. पुढे त्यांना मेम्ब्रेनस नेफ्रोपथी निघाली. हा आजार महिनोन् महिने हळूहळू वाढतो. बारा दिवसांत तो उभा राहत नाही. आईची गेल्या एक-दोन वर्षांतली लघवीची एखादी तपासणी सापडली, तर ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

लसीकरणानंतरच्या अशा घटनांचे मूल्यमापन करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत लशीशी सुसंगत, अनिश्चित, विसंगत आणि पुरेशा माहितीअभावी वर्ग न ठरवता येणारी अशी वर्गवारी असते. आपण दिलेल्या माहितीवरून मी ही घटना ‘अनिश्चित’ या वर्गात टाकीन. काळाचा मेळ बसतो, यंत्रणा संभवनीय आहे, पण दुसरे सबळ कारणही हजर आहे. डॉक्टरांमार्फत तिची नोंद मात्र करावी. नोंद करणे म्हणजे लशीवर आरोप करणे नव्हे. मोजणीसाठी कच्चा माल पुरवणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता वडिलांच्या आजाराकडे वळू, कारण तेथे लशीचा संबंध अधिक स्पष्ट दिसतो. आयजीए नेफ्रोपथीचे वर्णन १९६८ साली पॅरिसमध्ये जाँ बर्जे आणि निकोल आँग्लॅ यांनी प्रथम केले. गाळणीच्या मधल्या भागात आयजीए या प्रतिपिंडाचे साके बसतात आणि घसा बसला, ताप आला की एक-दोन दिवसांतच लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होते. ही जवळीक निदानासाठी महत्त्वाची असते, कारण स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीनंतर होणाऱ्या मूत्रपिंडाच्या दाहात रंग बदलायला एक ते तीन आठवडे लागतात. कोविडच्या एमआरएनए लशींनंतर, विशेषतः दुसऱ्या मात्रेनंतर, नेमका हाच प्रकार पाहायला मिळाला: रात्री अंगात कणकण आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाल-तपकिरी लघवी. माझ्या एका तरुण रुग्णाने ती काचेच्या बरणीत भरून आणली होती. ताजा नमुना फिरवून तळाचा गाळ काचपट्टीवर घेतला, तेव्हा लाल पेशी गोल गरगरीत नव्हत्या. कोणाला कान उगवल्यासारखे फुगवटे होते, कोणी चेपल्या होत्या, आणि एका कडेला लाल पेशींचा दंडगोल साचा अखंड पडलेला होता. असा साचा दिसला की रक्त मूत्राशयातून नव्हे, गाळणीतून आले आहे हे ठरते. चौथ्या दिवशी त्याची लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागली, क्रिएटिनिन हलले नाही. पुढे झालेल्या बायोप्सीत आयजीएच्या साक्यांबरोबर जुन्या व्रणांच्या खुणाही होत्या. व्रण एका रात्रीत होत नाहीत. आजार आधीचाच होता. लशीने त्याच्यावरचा पडदा उचलला एवढेच. त्या तरुणाच्या दृष्टीने तो अपघात उपकारकच ठरला, कारण त्याचा रक्तदाब त्याआधी कोणी मोजलाच नव्हता.

इतर आजारांचा उल्लेख थोडक्यात करतो. एएनसीए व्हॅस्क्युलायटिस (बारीक रक्तवाहिन्यांचा दाह) आणि जीबीएमविरोधी प्रतिपिंडांचा आजार (प्रतिपिंडे गाळणीच्या पडद्यावरच हल्ला करतात तो) लशीनंतर सुरू झाल्याच्या विरळ नोंदी आहेत. त्यांत घाईची गरज असते: काही दिवसांत-आठवड्यांत चढत जाणारे क्रिएटिनिन, खोकल्यातून रक्त, नाकातून वारंवार रक्त, पायांवर जांभळे पुरळ यांपैकी काही दिसले तर ती तातडीची अवस्था समजावी आणि लशीचा वाद नंतर घालावा. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार येण्याच्या घटना तर आणखी विरळ आहेत. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसते पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी सापडत नाहीत, अशा वेळी रक्तातील क्रिएटिन कायनेज हे स्नायूंमधून येणारे द्रव्य तपासावे.

या दुर्मीळ आजारांपेक्षा मला कितीतरी अधिक वेळा दिसणारी गोष्ट साधी आहे आणि तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. वयस्कर माणूस, रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू, जोडीला लघवी वाढवणारी गोळी. लशीनंतर दोन दिवस ताप, भूक नाही, पाणी पोटात जात नाही, एखादी उलटी. अंगदुखीसाठी घरातलीच वेदनाशामक गोळी. शरीरात पाणी कमी, गाळणीच्या एका बाजूची रक्तवाहिनी एका औषधाने आवळलेली आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या औषधाने सैलावलेली, अशा स्थितीत गाळणीतला दाब कोसळतो आणि क्रिएटिनिन १.२ वरून ३ वर जाते. कागदोपत्री ही ‘लशीनंतरची मूत्रपिंडाची गुंतागुंत’ ठरते. खरे तर ती ताप, तहान आणि औषधांच्या त्रिकुटाची गुंतागुंत आहे, आणि वेळीच पाणी व मीठ भरून निघाले, गोळ्या थांबल्या की बहुतेकदा काही दिवसांत ओसरते. साध्या फ्लूच्या तापातही हेच घडते. फरक एवढाच, की त्यात ताप जास्त दिवस राहतो.

आईच्या उपचारांकडे येतो. कारण लस असो, गोळी असो वा काहीच नसो, मिनिमल चेंज डिसीजवर पहिला उपचार स्टिरॉइडच आहे आणि लशीनंतर झालेल्या रुग्णांपैकी बहुतेकांनी त्याला नेहमीसारखाच प्रतिसाद दिला आहे. मुलांमध्ये प्रथिने जाणे बहुधा चार आठवड्यांत थांबते. प्रौढांना वेळ लागतो. मोठी मात्रा सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागू शकते, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून उपचार फसला असे समजू नये. लघवी स्वच्छ झाल्यावरही गोळी एकदम बंद करू नये. ती कमी करत नेण्याचा वेग डॉक्टरच ठरवतील. रोज सकाळी लघवी करून झाल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. पाण्याची सूज उतरू लागल्याचे वजन सर्वांत आधी सांगते, पावलांवर बोट दाबून पडणारा खळगा त्यानंतर. एका पोटरीत अचानक दुखू लागले, ती दुसरीपेक्षा जाड झाली किंवा धाप लागली, तर वाट पाहू नये, अल्ब्युमिन २.५ च्या खाली असताना गुठळीची शंका आधी फेडून घ्यावी लागते. मीठ कमी ठेवावे. साखर आणि रक्तदाब तपासत राहावे, कारण स्टिरॉइड दोन्ही वाढवते. हा आजार प्रौढांतही निम्म्याहून अधिक जणांत पुढे कधी तरी उलटतो, हेही आताच माहीत असलेले बरे. म्हणजे पुढच्या वेळी तो लशीविना उलटला तर धक्का बसणार नाही आणि लशीनंतर उलटला तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढला जाणार नाही.

पुढच्या वर्षी आईने लस घ्यावी का? माझे मत होय असे आहे. लघवीतून प्रथिनांबरोबर प्रतिपिंडेही वाहून जातात, त्यात स्टिरॉइडची भर पडते, त्यामुळे अशा रुग्णाला खरा फ्लू झाला तर तो निरोगी माणसापेक्षा जड जातो, आणि तोच फ्लू आजार उलटण्याचे निमित्तही ठरतो. लस नाकारून निमित्त टळत नाही. सौम्य निमित्ताच्या जागी दांडगे निमित्त येण्याची शक्यता तेवढी वाढते. ज्यांना लशीनंतर हा आजार झाला आणि ज्यांनी पुढे पुन्हा लस घेतली, त्यांच्यातील अनेकांना काहीही झाले नाही. मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारात फ्लूची वार्षिक लस द्यावी, असे केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटाचे मत आहे आणि मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोमसाठीच्या (लघवीतून खूप प्रथिने जाऊन सूज येण्याच्या विकारासाठीच्या) मार्गदर्शनातही तीच शिफारस आहे. ज्या एका परिस्थितीत मी थांबायला सांगेन ती म्हणजे लशीनंतर ठरावीक दिवसांनी आजार दोनदा, दुसरे कोणतेही कारण नसताना उलटला तर. एकदा घडलेल्या आणि वेदनाशामकांनी गढूळ झालेल्या घटनेला मी तेवढे वजन देणार नाही.

घ्यायची कशी, याला मात्र पथ्य आहे. आजार पूर्ण आटोक्यात आलेला असावा आणि स्टिरॉइडची मात्रा शक्यतो कमी झालेली असावी, म्हणजे लस अंगी लागते. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देण्याची वेळ आली तर लस त्याआधी उरकावी, कारण त्यानंतर सुमारे सहा महिने प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत. नाकात फवारण्याची लस जिवंत विषाणूची असते. ती आईला देऊ नये, टोचायची निष्क्रिय लसच द्यावी. कोविडच्या एमआरएनए लशी आणि ज्येष्ठांसाठी २०२३ पासून आलेल्या आरएसव्हीच्या (श्वसनमार्गाच्या एका विषाणूच्या) लशी जिवंत विषाणूच्या नाहीत, त्यामुळे त्यांना हा आक्षेप लागू होत नाही. लशीच्या दिवशी सकाळी, मग एका आठवड्याने आणि दोन आठवड्यांनी घरीच लघवीची पट्टी पाहावी. प्रथिनांपुढे तीन अधिक चिन्हे दिसली तर पट्टी रोज पाहावी आणि सलग तीन दिवस तशीच आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. सूज यायची वाट पाहू नये. दंड दुखल्यास पॅरासिटामॉल पुरते. घरातल्या इतरांनीही लस घ्यावी, कारण आईपर्यंत फ्लू पोहोचतो तो बहुधा घरातूनच.

वडिलांनी यंदाची लस घ्यावी, आणि आईचे बरे होईपर्यंत ती लांबवण्याचे कारण नाही. दोघांचे आजार वेगळे आहेत. आईला जे झाले त्यावरून वडिलांचा धोका वाढत नाही. लस घेण्याआधीच्या आठवड्यात लघवीतील प्रथिने-क्रिएटिनिनचे गुणोत्तर, लघवीचा गाळ, रक्तातील क्रिएटिनिन आणि रक्तदाब यांची नोंद करून ठेवावी, म्हणजे नंतर काही बदलले तर तुलनेला आधार राहतो. पहिल्या दोन दिवसांत लघवी चहासारखी झाली तर घाबरून जाऊ नये. पाणी नेहमीसारखे प्यावे आणि दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन तपासावे. ते स्थिर असेल आणि आठवड्याभरात रंग निवळला, तर एक महिन्याने प्रथिनांचे गुणोत्तर पुन्हा पाहणे पुरेसे आहे. क्रिएटिनिन वाढले, लघवीचे प्रमाण घटले किंवा रंग आठवडा उलटूनही तसाच राहिला, तर मूत्रपिंडतज्ज्ञांना लगेच दाखवावे. ताप, उलट्या किंवा जुलाब होऊन पाणी पोटात ठरत नसेल, तर रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवायच्या का, हे लस घेण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. तो कागद गोळ्यांच्या डब्यातच ठेवावा, आणि आईच्या डायक्लोफिनॅकची उरलेली पाकिटे त्या डब्यातून काढून टाकावीत.